गलीना: शिशानं वसवलं, गाळानं राखलं

शिकागोकडच्या लोकांना गलीना म्हणजे लाँग वीकेंडला दुकानं, फज आणि वाइन यांसाठी गाठायचं गाव. ते आहेच. पण इलिनॉयच्या वायव्य कोपऱ्यातलं हे जेमतेम ३,३०० वस्तीचं गाव जो डेव्हिस काउंटीचं मुख्य ठिकाण आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं जिल्ह्याचं गाव. आणि १८४०च्या दशकात अमेरिकेतलं बहुतेक शिसं इथल्या धक्क्यावरून बोटीत चढत होतं. नदी, चढ, विटांच्या इमारती, स्टेशन या सगळ्यांचा धागा त्या शिशाला जाऊन मिळतो. तो धरून हिंडलं तर तीन दिवस कसे जातात कळत नाही. नुसती मेन स्ट्रीट केली तर दुपारपर्यंत परत फिरावंसं वाटतं.

जायचं कधी? मे-जून किंवा सप्टेंबर. ऑक्टोबरात पानांचे रंग सुंदर असतात, पण कोलंबस डेच्या वीकेंडला ग्रँट पार्कात मोठा मेळा भरतो, तेव्हा खोल्या महागतात, दोन रात्रींची सक्ती असते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पायऱ्यांवर आणि उतारांवर बर्फ गोठतो. सोबत गुडघेदुखीवालं कुणी असेल तर तेव्हा जाऊच नये.

पहिला दिवस: शॉमबर्ग ते गलीना

शॉमबर्ग या शिकागोच्या उपनगरापासून अंतर साधारण १४० मैल, थांबे धरून पाच-सहा तास. आय-९० पश्चिमेला धरा. टोल रोखीनं घेतला जात नाही. आय-पास, म्हणजे टोलचा इलेक्ट्रॉनिक टॅग, नसेल तर चौदा दिवसांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो, नाहीतर नोटीस घरी येते. रॉकफर्डच्या अलीकडे चेरी व्हॅलीजवळ आय-३९ दक्षिणेला घेऊन लगेच यूएस-२० पश्चिमेला वळायचं. नकाशावर आय-९० सरळ पुढे जाताना दिसतो, तिथे वळायचं राहिलं की गाडी विस्कॉन्सिनच्या वाटेला लागते.

फ्रीपोर्टपर्यंत रस्ता चौपदरी आणि सपाट. मका, सोयाबीन, धान्याच्या कोठ्या, पुन्हा मका. फ्रीपोर्ट हे शेजारच्या स्टीव्हनसन काउंटीचं मुख्य ठिकाण. २७ ऑगस्ट १८५८ला सिनेटच्या जागेसाठी लढणाऱ्या लिंकन आणि डग्लस यांच्यातली दुसरी जाहीर वादसभा इथे झाली. गावात त्या जागी छोटा चौक आणि पुतळे आहेत. पंधरा मिनिटं पुरतात. पेट्रोल इथेच भरून घ्या. पुढे रस्ता दुपदरी होतो, ओव्हरटेकच्या जागा थोड्या, आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पुढे लागला की तासाचा हिशेब चुकतो. स्टॉकटनला क्राफ्ट कंपनीनं १९१४मध्ये आपला पहिला चीजचा कारखाना सुरू केला होता, एवढं लक्षात ठेवून पुढे निघायला हरकत नाही.

खरा थांबा एलिझाबेथचा. गावालगत ॲपल रिव्हर फोर्ट आहे, लाकडी ओंडक्यांचा. मूळ किल्ल्याची जागा उत्खननात सापडल्यावर १९९०च्या दशकात तो जुन्या पद्धतीनं पुन्हा उभारला. या टापूत शिसं आधी मेस्क्वाकी, सॉक आणि हो-चंक या मूळ अमेरिकी जमातींचे लोक काढत आणि फ्रेंच व्यापाऱ्यांना विकत. १८२०नंतर अमेरिकन खाणवाल्यांचे लोंढे आले, करारांनी जमिनी गेल्या आणि १८३२मध्ये सॉकांचा नेता ब्लॅक हॉक आपल्या माणसांसह मिसिसिपी ओलांडून परत आला. खाणवाल्यांनी घाईघाईनं आठवडाभरात हा किल्ला ठोकला. २४ जूनला ब्लॅक हॉकचे सुमारे दोनशे लढवय्ये चालून आले. आत लढू शकणारी माणसं पंचवीसच्या आतबाहेर. बायका शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतत होत्या आणि बंदुका भरून देत होत्या. गोळीबार एवढा सतत चालला की आत बरीच माणसं असावीत असं वाटून ब्लॅक हॉकनं वेढा उठवला आणि जाताना घोडे, पीठ, गुरं नेली. आत गेलात की ओंडक्यांमधल्या फटी बघा. बंदुकीची नळी फिरवायला केवढी जागा होती ते बोटांनी मोजता येतं. किल्ला आठवड्यातले सगळे दिवस उघडा नसतो, म्हणून निघण्याआधी वार आणि वेळ पाहून घ्या.

एलिझाबेथ ते गलीना पंधरा मैल. इथे रस्ता डोंगराच्या धारेवरून वळणं घेत जातो. वाटेत लाँग हॉलोला उंच निरीक्षण मनोरा आहे. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात आणि पहाटे दऱ्यांत धुकं भरतं, म्हणून हा टप्पा उजेडातच उरकलेला बरा. मोबाइलची रेंज खालच्या दऱ्यांत जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

गावात शिरण्याआधी ब्लॅकजॅक रोडला वळून हॉर्सशू माउंडवर जा. वर गवताळ माथा, बाकडी, आणि इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन अशी तीन राज्यं एका नजरेत. हिमयुगांत बर्फाच्या लाद्यांनी इलिनॉयचा बहुतेक भाग घासून-पुसून सपाट केला आणि वर मातीचा जाड थर टाकला. हा कोपरा मात्र प्रत्येक वेळी सुटला. त्यामुळे इथला खडक वर उघडा राहिला आणि नद्यांनी तो खोल कापला. खालून वर थर असे: तळाशी ऑर्डोव्हिशियन काळातला, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा गलीना डोलोमाइट, म्हणजे चुनखडीच्या जातीचा खडक, त्यावर मॅकोकेटा शेल हा चिखल दबून झालेला मऊ खडक, आणि माथ्यावर नंतरच्या सिल्युरियन काळातल्या कठीण डोलोमाइटची टोपी. शेल झिजतो, टोपी टिकते, म्हणून असे सुटे टेकाड उरतात. शिसं असतं ते तळाच्या डोलोमाइटमधल्या उभ्या भेगांत. वर मातीचा जाड थर असता तर कुदळीनं खणणाऱ्या माणसाला ते कधीच सापडलं नसतं.

दुसरा दिवस: गाव, पायी

गाडी नदीच्या पूर्वेला, जुन्या स्टेशनजवळ लावा आणि पादचारी पुलावरून पलीकडे जा. मेन स्ट्रीटवर गाडी लावायला जागा शोधत फिरण्यात अर्धा तास जातो. चपला-सँडल नकोत, तळाला पकड असलेले बूट हवेत.

पुलावर मध्यावर थांबून खाली बघा. हीच गलीना नदी, जुनं नाव फीव्हर रिव्हर. आता तिच्यात वल्ह्यानं होडकं हाकणारे दिसतात. भरभराटीच्या काळात ती ३०० फुटांहून रुंद होती आणि मिसिसिपीवरून तीन-चार मैल आत येऊन आगबोटी इथे लागत. ती आटली कशी याचं उत्तर खाणींतच आहे. शिसं गाळायला लाकूड लागायचं. टेकडीच्या उतारावर दगडी भिंतींची भट्टी रचायची, तळाला ओंडके, वर खनिज, कडेनं आणखी लाकूड. आग पेटली की गंधक जळून जातं आणि वितळलेलं शिसं उताराच्या तळातून पुढच्या खळग्यात उतरतं. पद्धत सोपी पण उधळी: बरंचसं शिसं राखेत राहायचं आणि ती राख पुन्हा वेगळ्या भट्टीत घालावी लागायची. हजारो भट्ट्यांसाठी टेकड्या बोडक्या झाल्या, खणलेली माती उघडी पडली, नंतर नांगर फिरला. प्रत्येक पावसाळी लोंढ्याबरोबर ते सगळं नदीत. बंदर बुजवलं ते बंदराच्याच धंद्यानं.

मेन स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला रस्त्यावर प्रचंड पोलादी पूरदरवाजे आहेत. मिसिसिपीला पूर आला की पाणी या छोट्या नदीतून उलटं चढतं आणि गाळानं उथळ झालेल्या पात्रात ते मावत नाही. १९५१मध्ये बांध आणि हे दरवाजे झाले. दरवाज्याच्या कडेची खाच आणि बिजागरी जवळून बघण्यासारखी आहे. पाणी कुठवर येऊ शकतं याचा अंदाज तिथे उभं राहिल्यावर येतो.

तिथून मेन स्ट्रीट नदीच्या वळणाबरोबर वाकत जाते. १८५०च्या दशकातल्या आगींनंतर लाकडी बांधकामाला आळा बसला, म्हणून दोन्ही बाजूंना विटांच्या तीन-चार मजली इमारतींची सलग रांग आहे. दुकानांच्या काचा सोडून वर, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या कंगोऱ्यांकडे बघत चाला. १८४५मध्ये या शिसे-पट्ट्यातून ५ कोटी ४० लाख पौंड शिसं गेलं, देशाच्या उत्पादनाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त. त्या पैशाच्या या इमारती. गावाची वस्ती तेव्हा १४,००० होती असं पाट्यांवर आणि पत्रकांत वाचायला मिळेल. जनगणनेत १८६०चा आकडा ८,१९६ आहे. वाढवून सांगायची खोड जुनी असावी.

ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर डिसोटो हाउस, १८५५चं हॉटेल, आजही चालू. १८५६च्या जुलैत लिंकन त्याच्या सज्जातून बोलले. १८८०मध्ये वरचे दोन मजले उतरवून टाकले. धंदा किती बसला होता ते त्यावरून कळतं. बाजूलाच ग्रीन स्ट्रीटवर पोस्ट ऑफिस, मूळचं कस्टम हाउस. समुद्रापासून हजार मैल आत कस्टम हाउस कशाला? न्यू ऑर्लिन्सहून नदीनं वर येणारा परदेशी माल इथे उतरायचा. या बांधकामावर देखरेख करायला १८५७मध्ये ईली पार्कर आला. तो सेनेका या मूळ अमेरिकी जमातीचा. कायदा शिकला, पण नागरिक नाही म्हणून वकिली करू दिली नाही, तेव्हा इंजिनिअर झाला. इथेच त्याची युलिसिस ग्रँटशी, म्हणजे पुढे यादवी युद्धात उत्तरेचा सरसेनापती आणि मग राष्ट्राध्यक्ष झालेल्या गलीनाकराशी, मैत्री झाली, आणि ९ एप्रिल १८६५ला ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या सेनेच्या शरणागतीच्या अटींची स्वच्छ प्रत त्याच्याच अक्षरात लिहिली गेली. पोस्टात स्टँप घ्यायच्या निमित्तानं आत जाऊन जिना आणि भिंतींची जाडी पाहता येते. नदीकडच्या कॉमर्स स्ट्रीटवर १८४६च्या सुमाराचं मार्केट हाउस आहे: खाली भाजीबाजार, वर नगरपरिषदेची बैठक, तळघरात कोठडी.

आता चढ. मेन स्ट्रीटवरून बेंच स्ट्रीट, तिथून प्रॉस्पेक्ट स्ट्रीट, त्यावर हाय स्ट्रीट; एकेक रस्ता डोंगराच्या एकेका टप्प्यावर, मध्ये दगडी संरक्षक भिंती आणि पायऱ्या. इमारत मेन स्ट्रीटवरून तीन मजली दिसते, तिचाच वरचा मजला मागे बेंच स्ट्रीटच्या पातळीला येतो. एका दमात चढू नका; बेंच स्ट्रीटवर थांबा, कारण काउंटीचं कोर्ट तिथेच आहे.

मध्यपश्चिम अमेरिकेत काउंटी सीट म्हणजे मधोमध चौकोनी मैदान, त्यात कोर्ट, भोवती चारी बाजूंनी दुकानं, हा ठरलेला आराखडा. गलीनात तो नाही. चौकोन आखायला सपाट जमीनच नाही, म्हणून कोर्ट डोंगराच्या पायरीवर चढून बसलं आहे आणि बाजार खाली नदीकाठी राहिला आहे. कोर्टाशिवाय काउंटी क्लार्क, शेरीफ, करवसुली आणि जमिनीच्या नोंदी ही कामं काउंटीकडे असतात. आपल्याकडचं कलेक्टर कचेरी आणि जिल्हा कोर्ट एकत्र धरलं तर कल्पना येईल. फरक एवढाच की क्लार्क, शेरीफ, खजिनदार लोकांनी निवडून दिलेले असतात. काउंटी १८२७ची. नाव टिपिकॅनूच्या लढाईत १८११ला पडलेल्या जोसेफ डेव्हिसचं, स्पेलिंग मात्र चुकीचं नोंदलं गेलं ते तसंच राहिलं. सुरुवातीला वायव्य इलिनॉयचा मोठा भाग हिच्यात होता, पुढे त्यातून इतर काउंट्या निघाल्या. आज सगळ्या काउंटीत मिळून माणसं २२,००० आहेत.

जमिनीच्या नोंदींचा इथला इतिहास तिरपागडा आहे. शिशाची जमीन सरकारनं सुरुवातीला विकलीच नाही. खाणवाल्याला परवाना मिळायचा आणि गाळलेल्या शिशाचा दहावा हिस्सा सरकारजमा व्हायचा. पैदास वाढली तसा हा हिस्सा वसूल करणं अवघड झालं, बुडवाबुडवी वाढली आणि १८४०च्या दशकात जमिनी विकायला काढल्या. तोवर वरवरचं शिसं संपत आलं होतं. १८४९ला कॅलिफोर्नियाच्या सोन्याची हाक आली आणि अनेक खाणवाले तिकडे गेले.

हाय स्ट्रीटवर विटांचं साधं घर आहे. १८६०च्या वसंतात युलिसिस ग्रँट बायको आणि चार मुलांसह आगबोटीनं येऊन इथे भाड्यानं राहिला. सैन्य सोडलेला, शेतीत हरलेला, वय ३८, वडिलांच्या कातडी सामानाच्या दुकानात भावांच्या हाताखाली कामाला. रोज हीच चढण. घर खासगी आहे, बाहेरूनच बघावं. उतरताना डायगोनल स्ट्रीटला वळलात तर १८२६चं डाउलिंग हाउस लागेल, गावातलं सर्वांत जुनं दगडी घर: खाली व्यापाऱ्याचं दुकान, वर राहायची जागा.

जेवणाचं आटोपतं घ्या. शाकाहाऱ्यांना पिझ्झा, पास्ता, मेक्सिकन यांवर भागवावं लागतं आणि स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. आठनंतर उपाशी राहायची वेळ येऊ शकते.

दुपारी पूल ओलांडून परत पूर्वेला. स्टेशनजवळ थांबा, कारण गावाच्या पडतीचा दुसरा अर्धा भाग इथे आहे. शिकागोतून निघालेली पहिली रेल्वे कंपनी ‘गलीना अँड शिकागो युनियन’. नाव गलीनाचं, पण तिचे रूळ फ्रीपोर्टलाच थांबले. १८५४मध्ये गलीनाला पोचली ती इलिनॉय सेंट्रल, आणि वर्षभरात ती मिसिसिपीकाठच्या डन्लीथपर्यंत, म्हणजे आजच्या ईस्ट डब्यूकपर्यंत, पुढे गेली. माल थेट मोठ्या नदीवर उतरू लागल्यावर गाळानं भरलेल्या बंदराकडे येणार कोण? गाव हळूहळू रिकामं झालं. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून १८५०चं गाव तसंच राहिलं. १९६९मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत चढलेल्या ऐतिहासिक भागात आज गावातल्या सुमारे ८५ टक्के इमारती येतात.

बुथिलिअर स्ट्रीटच्या चढावर ग्रँटचं दुसरं घर आहे, इटालियन धाटणीचं, विटांचं, रुंद वळचणी आणि त्यांखाली कोरीव लाकडी टेकू. युद्ध जिंकून १८ ऑगस्ट १८६५ला तो परतला तेव्हा स्थानिक रिपब्लिकन मंडळींनी २,५०० डॉलरला घेतलेलं हे घर त्याला भेट दिलं. त्याआधी तो गमतीनं म्हणाला होता की आपल्याला गलीनाचा महापौर व्हायचंय, म्हणजे घरापासून स्टेशनपर्यंत फुटपाथ बांधून घेता येईल. स्वागताच्या कमानीवर गाववाल्यांनी लिहिलं होतं: ‘जनरल, फुटपाथ झाला.’ आतलं बरंच सामान ग्रँट कुटुंबाचंच आहे. माहितगार गटागटानं आत नेतात, म्हणून शेवटच्या तासाला जाऊन रांगेत अडकू नका, सोमवार-मंगळवार टाळा. मराठी वाचकाला एक जोड इथे आठवेल: अध्यक्षपद संपल्यावर जगप्रवासाला निघालेला ग्रँट फेब्रुवारी १८७९मध्ये मुंबईला उतरला होता आणि मलबार पॉइंटच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये राहिला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो याच घरी परत आला.

गावातल्या दगडांच्या दुकानांत गावाच्याच नावाचं खनिज मिळतं. हातात घेऊन बघाच. चमक शिशपेन्सिलीच्या टोकासारखी, आकार घनाचा, आणि तुटलं तरी काटकोनातच तुटतं. दोन इंच बाजूचा घन जवळजवळ किलोभर भरतो, कारण त्यात वजनाच्या ८६ टक्क्यांहून जास्त शिसं आणि उरलेलं गंधक. आपल्याकडे सुरमा म्हणून जो काळा चमकता दगड कुटतात तो बहुतेक वेळा हाच, आणि डॉक्टर तो मुलांच्या डोळ्यांत घालू नका म्हणतात ते याच शिशामुळे. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, भुगा उडवू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

तिसरा दिवस: खाण, मनोरा, परत

जून ते सप्टेंबरमधला महिन्याचा पहिला पूर्ण वीकेंड असेल तर सकाळी स्केल्स माउंडजवळच्या चार्ल्स माउंडला जा, इलिनॉयचं सर्वोच्च नैसर्गिक ठिकाण, १,२३५ फूट. जागा खासगी असून मालक फक्त त्या चार महिन्यांच्या पहिल्या पूर्ण वीकेंडला वर सोडतात. गाडी खाली लावून सव्वा मैल चालायचं, चढ २६५ फूट. कळसूबाई केलेल्यांनी हसू नये. ‘नैसर्गिक’ हा शब्द मुद्दाम घालावा लागतो, कारण शिकागोच्या विलिस टॉवरचा माथा समुद्रसपाटीपासून याहून उंच भरतो.

इतर दिवशी थेट उत्तरेला: राज्यमार्ग ८४, तोच सीमेपलीकडे विस्कॉन्सिन ८० होतो, हेझल ग्रीन, क्यूबा सिटी, प्लॅटव्हिल. पाऊण तास. प्लॅटव्हिलच्या खाण-संग्रहालयात १८४५ची बेव्हन्स खाण आहे. माहितगाराबरोबर ९० पायऱ्या उतरून जाता येतं. आत बारा महिने ११-१२ अंश सेल्सिअस, म्हणून जुलैतही जाकीट न्या. खाली गेल्यावर पहिल्या दिवशी माथ्यावरून कल्पनेनं पाहिलेली उभी भेग डोळ्यांसमोर येते: रुंदी माणसाच्या खांद्याएवढी, बाजूंना पिवळट डोलोमाइट, आणि कुदळीचे वार. पाणी लागलं की काम थांबायचं. उपसायला पंप नसलेल्या खाणवाल्याची खोली भूजलाच्या पातळीनं ठरायची. पुढे यंत्रं आली तेव्हा खालच्या थरातलं जस्त काढलं गेलं आणि तो धंदा १९७०च्या दशकापर्यंत टिकला. प्लॅटव्हिल ज्या काउंटीत आहे तिचं नाव ग्रँट काउंटी, पण आपल्या ग्रँटशी तिचा संबंध नाही. ती १८३७ची, तो तेव्हा शाळकरी पोर होता.

तिथून यूएस-१५१नं अर्ध्या तासात डब्यूक, आयोवा. नदीकाठी १८५६चा शॉट टॉवर, म्हणजे बंदुकीचे छर्रे पाडायचा मनोरा, आहे, १२० फूट, खाली दगड आणि वर वीट. वरच्या टोकाला वितळलेलं शिसं चाळणीतून सोडायचे. पडता पडता थेंब पृष्ठताणामुळे गोल होतात, वाटेत थिजतात आणि खालच्या पाण्याच्या हौदात छर्रा म्हणून पडतात. चाळणीचं भोक बदललं की छर्ऱ्याचा आकार बदलतो. उंची कमी पडली तर थेंब मऊ असतानाच पाण्यावर आपटून चपटा होतो, म्हणून एवढा खटाटोप. आत चढता येत नाही. बाहेरून बघून, नदीकाठच्या वाटेवर पाय मोकळे करून निघावं.

परतताना यूएस-२०नं ज्युलियन डब्यूक पूल ओलांडला की ईस्ट डब्यूक, म्हणजे पुन्हा जो डेव्हिस काउंटी. गलीनातून न थांबता गेलात तर शॉमबर्ग साडेतीन तास. रविवारी दुपारी चारनंतर रॉकफर्डच्या पुढे आय-९० तुंबतो, म्हणून डब्यूक बाराच्या सुमाराला सोडा.